न विचारता झालेली निवड : लिनक्सवरील हायपरव्हायझर आणि डिफॉल्टचा प्रश्न

एका संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करण्याच्या तंत्राला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘आभासीकरण’ असा शब्द वापरला जातो. ज्या खऱ्या यंत्रावर हे सारे घडते ते यजमान यंत्र, आणि त्याच्या आत चालणारे, आपल्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःची डिस्क आहे अशा समजुतीत काम करणारे ते पाहुणे यंत्र. या दोहोंच्या मध्ये राहून पाहुण्याला काय, किती आणि केव्हा द्यायचे हे ठरवणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायझर हे नाव आहे. लिनक्सवर असे हायपरव्हायझर एक नाही, अनेक आहेत : केव्हीएम, झेन, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, आणि यांपैकी काहीच हाताशी नसेल तेव्हा क्यूएमूने निव्वळ सॉफ्टवेअरच्या बळावर केलेले प्रोसेसरचे अनुकरण. हे सारे एकाच डिस्कवर शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि त्यांतला कोणता वापरायचा हे वापरकर्ता क्वचितच स्वतः सांगतो. तो ‘यंत्र चालू कर’ एवढीच आज्ञा देतो. निवड त्याच्या वतीने एखादे साधन करते. संगणकाच्या परिभाषेत अशा निवडीला डिफॉल्ट म्हणतात, म्हणजे सांगणाऱ्याने काही सांगितले नाही तर जे गृहीत धरायचे ते.

हे गृहीत का चुकते, आणि चुकल्याचे लवकर का उमगत नाही, हा येथील विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता तो किरकोळ वाटेल, कारण बहुतेक वेळा त्यावरचा उपाय एका ओळीचा असतो. परंतु ती ओळ सापडेपर्यंत गेलेले तास, भलत्याच ठिकाणी शोधलेली कारणे आणि ‘लिनक्सवर हे नीट चालतच नाही’ असा कायमचा बसलेला ग्रह यांचा हिशेब मांडला, तर विषयाचे वजन ध्यानात येते. साधनाने चुकीचा हायपरव्हायझर निवडणे समजून घेता येते, कारण ज्या काळी ती निवड लिहिली गेली त्या काळी ती बहुधा बरोबरच होती. निवड केल्याचे न सांगणे मात्र समजून घेता येत नाही. पुढील सर्व उदाहरणे या एका भेदाभोवती फिरतात.

आभासीकरणाची कल्पना आजची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरी आयबीएमचे जे संशोधन केंद्र होते तेथे १९६० च्या दशकात सीपी-४० आणि त्यानंतर सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या, आणि १९७२ मध्ये त्याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने ग्राहकांसाठी जाहीर केली. एका मोठ्या यंत्राची अनेक स्वतंत्र यंत्रे भासवून प्रत्येक वापरकर्त्याला आपले असे एक यंत्र देणे हा तिचा हेतू होता. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले आणि हायपरव्हायझर म्हणवून घेण्यासाठी तीन अटी घातल्या. पहिली अट अशी की पाहुण्या यंत्रातील प्रोग्रॅमला आपण खऱ्या यंत्रावर आहोत की आभासी, याचा फरक वेळेच्या हिशेबापलीकडे जाणवता कामा नये. दुसरी अशी की बहुसंख्य आज्ञा मध्यस्थाविना थेट प्रोसेसरवरच चालाव्यात. आणि तिसरी अशी की यंत्राच्या साधनसंपत्तीवरचा ताबा सर्वस्वी हायपरव्हायझरकडेच राहावा.

या तीन अटींतील पहिल्या अटीकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावे लागते. पाहुण्याला फरक कळू नये हे हायपरव्हायझरचे यश मानले गेले, आणि ते यश इतके पूर्ण झाले की खाली कोणता हायपरव्हायझर आहे हे पाहुण्या यंत्राच्या पडद्याकडे नुसते पाहून ओळखता येईनासे झाले. केव्हीएमवर चालणारे डेबियन लिनक्स आणि क्यूएमूच्या अनुकरणावर चालणारे डेबियन यांचा पडदा सारखाच दिसतो, तीच लॉगिनची ओळ, तीच कमांड, तीच उत्तरे. फरक पडतो तो पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी सवलत म्हणून बाजूला ठेवलेल्या वेळेच्या बाबतीत. म्हणून चुकीची निवड झालेला माणूस ‘यंत्र चुकीचे आहे’ असे म्हणत नाही, ‘यंत्र मंद आहे’ असे म्हणतो, मेमरी वाढवतो, डिस्क बदलतो, आणि ज्या थरात दोष आहे त्या थरापर्यंत त्याची नजर पोहोचतच नाही.

लिनक्सवर इतके हायपरव्हायझर का जमले, याचे उत्तर इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरच्या घडणीत आहे. आभासीकरण सुकर व्हायचे तर पाहुण्याने यंत्राच्या ताब्याशी संबंधित कोणतीही आज्ञा दिली की प्रोसेसरने तेथेच थांबून हायपरव्हायझरला हाक मारली पाहिजे. एक्स८६ मध्ये काही आज्ञा अशा होत्या की त्या कमी अधिकाराच्या अवस्थेत दिल्या असता प्रोसेसर थांबत नसे, तक्रार करत नसे, ती आज्ञा अर्धवट पाळून पुढे निघून जाई. पॉपएफ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध आज्ञा. तिने प्रोसेसरच्या स्थितिदर्शक खुणा, म्हणजे फ्लॅग, बदलायच्या असतात, आणि त्यांतली एक खूण बाहेरून येणारे व्यत्यय स्वीकारायचे की नाही हे ठरवते. अधिकार नसताना ही आज्ञा दिली तर बाकीच्या खुणा बदलत, पण ही एक जशीच्या तशी राहत असे, आणि आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नसे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरच्या अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या होत्या. एक्स८६ चे आभासीकरण वर्षानुवर्षे कठीण राहिले ते अशा मुकाट्याने गिळलेल्या आज्ञांमुळे. हायपरव्हायझर निवडणाऱ्या साधनांमध्ये पुढे जे दोष दिसतात त्यांचे याच्याशी असलेले साम्य वाचकाच्या लक्षात येईलच.

या अडचणीतून चार वाटा निघाल्या, आणि लिनक्सवर त्या चारही वाटांचे वारस आजवर टिकून आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने पुढच्याच वर्षी आणलेल्या वर्कस्टेशन या उत्पादनात अडचणीच्या आज्ञा चालता चालता भाषांतरित करण्याचा मार्ग घेतला. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात झेनचे कर्ते २००३ मध्ये असे म्हणाले की पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच थोडे बदलावे आणि तिने अडचणीच्या जागी हायपरव्हायझरला स्वतःहून विचारावे. त्याच वर्षी फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने क्यूएमू प्रसिद्ध केले. त्यात प्रोसेसरच्या सगळ्याच आज्ञा भाषांतरित होतात, त्यामुळे एका जातीच्या प्रोसेसरवर दुसऱ्या जातीचा प्रोसेसर भासवता येतो, मात्र वेग कित्येक पटींनी घटतो. चौथी वाट खुद्द प्रोसेसर बनवणाऱ्यांनी काढली. २००५ च्या अखेरीस इंटेलने व्हीटी-एक्स आणि २००६ मध्ये एएमडीने एएमडी-व्ही या नावाने प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली, आणि ती हाती येताच क्युमरानेट या कंपनीतील अवी किव्हिटी यांनी २००६ च्या ऑक्टोबरात केव्हीएम जाहीर केले. केव्हीएम म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडलेले एक मॉड्यूल. ते फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीतच समाविष्ट झाले. त्याच्यापाशी आभासी डिस्क, कार्ड, पडदा असे काही नव्हते. ते त्याने क्यूएमूकडून घेतले. केव्हीएम आणि क्यूएमू ही नावे आजही एकमेकांत मिसळतात ती या भागीदारीमुळे, आणि पुढच्या बऱ्याच घोटाळ्याचे मूळही तिच्यातच आहे.

साधने या वाटांच्या वर उभी राहिली. प्रत्येक हायपरव्हायझरची भाषा निराळी, म्हणून सर्वांशी एकाच भाषेत बोलणारा दुभाषा असावा या विचाराने २००५ च्या सुमारास रेड हॅटमध्ये लिबव्हर्ट हा प्रोग्रॅमसंग्रह सुरू झाला. त्या वेळी केव्हीएम जन्मले नव्हते आणि लिनक्सवर सर्व्हरसाठी हायपरव्हायझर म्हणजे झेन अशीच समजूत होती. २००६ मध्ये सुरू झालेली ॲमेझॉनची ईसी२ सेवाही झेनवरच उभी होती. तेव्हा वापरकर्त्याने काहीच सांगितले नसेल तर लिबव्हर्टने झेन गृहीत धरावे हे स्वाभाविक होते. पुढे काळ फार वेगाने बदलला. मार्च २००७ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ मध्ये झेन होते. २००८ मध्ये रेड हॅटने क्युमरानेट विकत घेतली. सप्टेंबर २००९ च्या ५.४ या आवृत्तीत केव्हीएम आले. आणि नोव्हेंबर २०१० च्या सहाव्या आवृत्तीतून यजमान म्हणून झेन वगळलेच गेले. अवघ्या पावणेचार वर्षांत एका मोठ्या वितरणाचा पाया पालटला, मात्र साधनांत आणि मार्गदर्शिकांत रुजलेली गृहीते त्या गतीने पालटली नाहीत. केव्हीएमच्या यंत्रावर व्हर्श ही लिबव्हर्टची कमांड चालवणाऱ्या अनेकांना त्या काळी स्थानिक यंत्राच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी नाकारली गेल्याचा संदेश मिळे. ८००० हे पोर्ट झेनच्या व्यवस्थापक प्रोग्रॅमचे होते. ज्याने झेन कधी बसवलेच नाही त्याने या आकड्यावरून काय बोध घ्यायचा? संदेश खोटा नव्हता, परंतु त्यात ‘झेन’ हा शब्दच नव्हता, आणि तेवढा एक शब्द असता तर वाचणारा पुढच्या मिनिटाला मार्गावर आला असता.

झेन ज्यांना खरोखर हवे होते त्यांची गत याच्या उलट होती. झेन हे कर्नलचे मॉड्यूल नव्हे. संगणक सुरू होताना आधी झेन चढते आणि मग त्याच्यावर लिनक्स. म्हणजे झेन वापरायचे की नाही याचा निर्णय यंत्र सुरू होण्याच्या पहिल्या काही सेकंदांत, ग्रब नावाच्या आरंभ-प्रोग्रॅमच्या यादीत होतो. ग्रबची ही यादी एका फोल्डरमधील छोट्या स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने चालवून तयार केली जाते, आणि त्या नावांच्या आरंभी आकडे असतात : साध्या लिनक्सच्या स्क्रिप्टचा आकडा १०, झेनसह लिनक्सच्या स्क्रिप्टचा २०. दहा हा विसाच्या आधी येतो, यादीतली पहिली नोंद आपोआप निवडली जाते, आणि झेन बसवून यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या माणसासमोर साधे लिनक्स उभे राहते. डेबियनच्या मार्गदर्शिकेत त्यावर जो उपाय दिला गेला तो असा की झेनच्या स्क्रिप्टचे नाव बदलून तिच्यापुढचा २० हा आकडा ०८ करावा. हायपरव्हायझरची निवड, म्हणजे त्या यंत्रावर चालणाऱ्या साऱ्या यंत्रांचा पाया, फाइलच्या नावातील दोन अंकांवर ठरावा ही गोष्ट गंभीरपणे विचार करण्याजोगी आहे; ते अंक लिहिणाऱ्याने हायपरव्हायझरचा विचारही केला नसेल, त्याने फक्त यादी नीट लागावी एवढेच पाहिले असेल. शिवाय एकदा झेनवर यंत्र सुरू झाले की प्रोसेसरची आभासीकरणाची सोय झेनच्या ताब्यात जाते आणि त्यावरच्या लिनक्समध्ये केव्हीएम चालेनासे होते, म्हणजे एका टोकाची चूक सुधारताना दुसऱ्या टोकाचे साधन बंद पडते.

क्यूएमूमधील घोटाळा याहून सूक्ष्म आहे. क्यूएमू दोन प्रकारे चालते : एक, टीसीजी या त्याच्या स्वतःच्या भाषांतरयंत्रणेवर, जी कुठेही चालते पण मंद असते, दुसरे, केव्हीएमच्या आधाराने, जेथे पाहुण्याच्या आज्ञा थेट प्रोसेसरवर धावतात. काहीच सांगितले नाही तर क्यूएमू टीसीजी निवडते. याला आधार आहे, कारण क्यूएमूचे मूळ काम निरनिराळे प्रोसेसर भासवण्याचे, आणि टीसीजीला कर्नलचे कोणतेही मॉड्यूल किंवा कोणताही अधिकार लागत नाही. पण क्यूएमूची जी शाखा केव्हीएमसाठी वेगळी चालवली जात होती तिचे डिफॉल्ट केव्हीएम होते, आणि २०१२ च्या अखेरीस १.३ या आवृत्तीत ती शाखा मूळ क्यूएमूत विलीन झाली तेव्हा एकाच प्रोग्रॅमकडून दोन प्रकारच्या लोकांच्या दोन अपेक्षा राहिल्या. आजच्या क्यूएमूत यावर काढलेली तोड अशी की प्रोग्रॅमच्या नावाच्या शेवटी ‘केव्हीएम’ ही अक्षरे असतील तर आधी केव्हीएम आणि ते न जमल्यास टीसीजी, नसतील तर आधी टीसीजी. म्हणजे तोच प्रोग्रॅम, त्याच यंत्रावर, केवळ ज्या नावाने हाक मारली त्यावरून आपला वेग ठरवतो. जुन्या सवयींना सांभाळून घेण्यासाठी केलेली ही तडजोड मानली तरी, नवशिक्याला ती कोणी समजावून सांगितल्याशिवाय कळण्याची शक्यता जवळपास नाही.

या ठिकाणी केव्हीएम ‘न जमणे’ म्हणजे काय हेही स्पष्ट केले पाहिजे. प्रोसेसरमध्ये सोय असूनही ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीत, बंद ठेवलेली असू शकते; ज्या फाइलच्या द्वारे कर्नल केव्हीएम उपलब्ध करून देतो ती उघडण्याचा अधिकार त्या वापरकर्त्याला नसू शकतो; किंवा ते यंत्र स्वतःच एखाद्या क्लाउडमधले पाहुणे यंत्र असू शकते आणि त्याला ही सोय वरून मिळालेलीच नसते. तिन्ही प्रसंगी टीसीजीवर उतरणे हा एक मार्ग आहे, आणि चाचणीसाठी तो उपयोगीही पडतो. मात्र ‘जमले नाही म्हणून उतरलो’ हे सांगून उतरणे आणि मुकाट्याने उतरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लिबव्हर्टमधील आजची सर्वांत जास्त आढळणारी अडचण हायपरव्हायझरच्या जातीची नाही, त्याच्या पत्त्याची आहे, आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. एखाद्या विद्यार्थ्याने व्हर्ट-मॅनेजर या खिडक्यांच्या साधनातून दोन आभासी यंत्रे तयार केली, ती चालू आहेत, त्यांचे पडदे समोर दिसत आहेत. तो टर्मिनल उघडून व्हर्शला सर्व यंत्रांची यादी मागतो. उत्तरादाखल क्रमांक, नाव आणि स्थिती अशी तीन शीर्षके येतात, त्यांच्याखाली तुटक रेघ येते, आणि त्या रेघेखाली काहीही नसते. तीच कमांड तो सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, देतो आणि दोन्ही यंत्रे यादीत हजर होतात. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही. झाले ते असे की लिबव्हर्ट क्यूएमूशी दोन प्रकारे जोडले जाऊ शकते : ‘सिस्टिम’ जोडणी साऱ्या यंत्रासाठी एक असते आणि प्रशासकाच्या अधिकाराने चालते, ‘सेशन’ जोडणी प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र असते. व्हर्ट-मॅनेजर सिस्टिम जोडणी धरतो. व्हर्शला पत्ता दिला नाही तर सामान्य वापरकर्त्यासाठी ती सेशन जोडणी धरते आणि प्रशासकासाठी सिस्टिम. दोन्ही साधने एकाच दुभाष्याशी बोलतात, पण दोन वेगळ्या घरांत.

रिकाम्या यादीला ‘यंत्रे नाहीत’ असे वाचणे साहजिक असते, आणि त्यामुळे सुडो लावून न पाहिलेल्या विद्यार्थ्याने ती यंत्रे हरवली असे मानून टर्मिनलमधूनच पुन्हा तयार करायला घेणे हेही साहजिक असते. पुन्हा तयार केलेली यंत्रे आता सेशनमध्ये जातात, त्यांच्या डिस्कच्या फाइल त्याच्या होम फोल्डरमध्ये पडतात, तर आधीच्या फाइल सिस्टिमच्या सामाईक फोल्डरमध्ये असतात. नेटवर्कही निराळे होते : सिस्टिममधील यंत्रांना १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे पत्ते आणि यजमानाशी बोलण्याचा थेट मार्ग मिळतो, सेशनमधील यंत्राला वापरकर्त्याच्या अधिकारात चालणारे नेटवर्क मिळते, ज्यातून बाहेर जाता येते पण बाहेरून आत सहजी येता येत नाही. परिणामी मार्गदर्शिकांत सहसा दिलेली पुढची पायरी, म्हणजे यजमानावरून पाहुण्यात एसएसएचने शिरणे, चालत नाही, आणि शोध फायरवॉलच्या दिशेने निघतो. येथे एक न्यायाची गोष्टही नोंदवावी लागते. सेशन जोडणीमागचा विचार उत्तम आहे : सामान्य वापरकर्त्याने प्रशासकाचा अधिकार न मागता आपली यंत्रे आपल्यापुरती चालवावीत हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, आणि नोम बॉक्सेससारखे साधन जाणीवपूर्वक तीच जोडणी वापरते. दोष त्या रिकाम्या रेघेखालच्या जागेत आहे, जेथे ‘ही यादी सेशन जोडणीची आहे’ एवढी एक ओळ मावली असती.

व्हेग्रंटचा प्रश्न आणखी वेगळ्या प्रकारचा, कारण त्याच्या डिफॉल्टला केवळ तंत्राचे नव्हे तर एका मोठ्या समुदायाच्या सवयीचे वजन आहे. २०१० मध्ये आलेले व्हेग्रंट हे साधन एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेल्या वर्णनावरून संपूर्ण आभासी यंत्र उभे करते, आणि सुरुवातीला ते फक्त व्हर्च्युअलबॉक्सवरच चालत असे. मार्च २०१३ मधील १.१ या आवृत्तीपासून इतर हायपरव्हायझरसाठी ‘प्रोव्हायडर’ जोडण्याची सोय आली, पण डिफॉल्ट व्हर्च्युअलबॉक्सच राहिले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मोफत चालणारा तोच एक प्रमुख हायपरव्हायझर होता, म्हणून सर्वांसाठी एक डिफॉल्ट हवे तर दुसरे काय निवडायचे, हा युक्तिवाद तेव्हा बिनतोड होता. लिनक्सवर मात्र स्थिती अशी की केव्हीएम कर्नलमध्येच बसलेले असते, तर व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल बाहेरचे, कर्नल बदलला की पुन्हा बांधावे लागणारे, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही करून घ्यावे लागणारे. फेडोरा या वितरणाने आपल्या व्हेग्रंटच्या पॅकेजमध्ये डिफॉल्ट बदलून लिबव्हर्ट केले ते या कारणाने. पण त्यातून नवी दुविधा उभी राहिली. व्हेग्रंटची तयार यंत्रे ‘बॉक्स’ या पेटीबंद रूपात मिळतात आणि प्रत्येक पेटी एका विशिष्ट हायपरव्हायझरसाठी बांधलेली असते. सहकाऱ्याने व्हर्च्युअलबॉक्ससाठी लिहिलेली फाइल फेडोरावर त्याच आज्ञेने चालवली की मागितलेली पेटी या प्रोव्हायडरसाठी उपलब्ध नाही असे उत्तर येते. दोन्ही डिफॉल्ट आपापल्या जागी समर्थनीय, आणि फाइल मात्र दोन यंत्रांवर दोन अर्थांची.

यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा, म्हणजे टर्मिनलच्या सत्रात एका नावाने ठेवलेल्या मूल्याचा, उपाय सर्वत्र सांगितला जातो : व्हेग्रंटसाठी एक व्हेरिएबल, लिबव्हर्टसाठी दुसरे, आणि ते वापरकर्त्याच्या आरंभ-फाइलमध्ये लिहून ठेवावे. उपाय चालतो, पण तो त्या वापरकर्त्याच्या त्या सत्रापुरताच चालतो. सुडो लावले की असे व्हेरिएबल सहसा गळून जाते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनने रात्री चालवलेल्या कामाला ते ठाऊक नसते. आणि व्हेग्रंट एकदा तयार केलेल्या यंत्राचा प्रोव्हायडर लक्षात ठेवत असल्याने, व्हेरिएबल बदलल्यावरही जुने यंत्र जुन्याच हायपरव्हायझरवर राहते. म्हणून ज्या फाइलवर एकापेक्षा अधिक माणसे काम करतात त्या फाइलमध्येच हायपरव्हायझरचे नाव लिहावे, हा आग्रह येथे स्पष्टपणे धरला जात आहे.

डिफॉल्ट बदलण्याचे परिणाम किती दूरवर जातात याचे ताजे उदाहरण कर्नलच्या ६.१२ या, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या, आवृत्तीत सापडते. प्रोसेसरची आभासीकरणाची सोय एका वेळी एकाच मालकाची असते. जो हायपरव्हायझर ती आधी चालू करतो त्याच्या ताब्यात ती राहते. पूर्वी केव्हीएमचे मॉड्यूल चढलेले असले तरी पहिले आभासी यंत्र सुरू होईपर्यंत ते ही सोय हाती घेत नसे, त्यामुळे केव्हीएम निष्क्रिय असताना व्हर्च्युअलबॉक्सला वाट मोकळी असे. ६.१२ पासून मॉड्यूल चढताक्षणीच ती सोय चालू करण्याचे डिफॉल्ट आले. पहिले यंत्र सुरू होताना प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यावर, म्हणजे कोअरवर, ही सोय चालू करण्यात वेळ जातो, शेकडो गाभ्यांच्या सर्व्हरवर तो जाणवतो, आणि इंटेलच्या नव्या सुरक्षित आभासीकरणालाही हीच रीत सोयीची, अशी त्यामागची कारणे होती आणि ती सबळ होती. परंतु प्रोसेसर ओळखून केव्हीएमचे मॉड्यूल आपोआप चढवण्याची पद्धत बहुतेक वितरणांत आहे, म्हणून ज्याने केव्हीएमचे नावही ऐकले नव्हते त्याच्याही यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स एके दिवशी थांबला आणि व्हीटी-एक्स दुसऱ्या हायपरव्हायझरकडे असल्याचे सांगू लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले डेबियन १३ याच कर्नलवर आहे, त्यामुळे डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर राहणाऱ्यांपर्यंतही हा बदल पोहोचला. कर्नलला सुरू होताना एक पर्याय देऊन जुनी रीत परत आणता येते, किंवा केव्हीएमचे मॉड्यूल काढून टाकता येते. येथे निदान संदेश तरी नेमका आहे : सोय दुसऱ्याकडे आहे हे तो सांगतो, मात्र तो दुसरा कोण हे शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर राहते.

साधनाने निवडच करू नये, प्रत्येक वेळी विचारावे, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. आज्ञेत नाव दिले असेल तर ते, नाहीतर व्हेरिएबलमधले, नाहीतर मांडणीच्या फाइलमधले, आणि काहीच नसेल तर उपलब्ध हायपरव्हायझर क्रमाने चाचपून जो पहिला प्रतिसाद देईल तो, ही लिबव्हर्टची आजची रीत समंजस आहे. नवे आभासी यंत्र तयार करणारे व्हर्ट-इन्स्टॉल हे साधनही झेनच्या कर्नलवर आहोत की साध्या, प्रशासक म्हणून चालत आहोत की नाही, हे पाहून निर्णय घेते. चाचपणीची ही पद्धत स्थिर गृहीतापेक्षा निश्चितच वरची, तरी तिच्यात एक धोका दडलेला असतो : तिचे उत्तर यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून राहते, म्हणून कालपर्यंत केव्हीएमवर चालणारी स्क्रिप्ट आज एखादे मॉड्यूल न चढल्याने टीसीजीवर चालेल, आणि दोन्ही दिवशी ‘यशस्वी’ असेच म्हणेल. क्लाउड उभारण्यासाठीच्या ओपनस्टॅकच्या नोव्हा या घटकात डिफॉल्ट ‘केव्हीएम’ असे नावानिशी लिहिलेले असते. केव्हीएम नसेल तर यंत्र सुरू होत नाही आणि प्रशासकाला ‘क्यूएमू’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. चाचणीच्या यंत्रावर हे जाचक वाटते, पण ज्याच्या सर्व्हरवर शंभर ग्राहकांची यंत्रे आहेत त्याला अशी अडवणूकच हवी असते.

व्हर्ट-इन्स्टॉलबद्दल येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. केव्हीएम उपलब्ध नसेल तर ते काम थांबवत नाही, परंतु काम सुरू करण्याआधी ‘केव्हीएमचा वेग उपलब्ध नाही, क्यूएमू वापरत आहे’ अशा अर्थाची इशाऱ्याची एक ओळ छापते. ती ओळ वाचणारा विद्यार्थी यंत्र बंद करतो, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू करतो, परत येऊन तीच कमांड देतो. इशारा आता छापला जात नाही, आणि तयार झालेल्या यंत्राची एक्सएमएल फाइल उघडली तर तिच्या सुरुवातीलाच प्रकार म्हणून ‘क्यूएमू’ऐवजी ‘केव्हीएम’ लिहिलेले असते.